डब्याच्या तळाची कॅसेट

शेजारचे प्रोफेसर पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहिले तेव्हा मला वाटलं, आली फोडणीची तक्रार. रविवारची सकाळ होती, पोह्यांची फोडणी नुकतीच पडली होती, आणि डब्लिनजवळच्या ल्यूकनमधली ही घरं एकाला एक अशी चिकटून आहेत की आमच्याकडे मोहरी तडतडली की पलीकडे शिंक यावी. तक्रार आलीच तर द्यायचं उत्तर मी घर घेतल्यापासून तयार ठेवलं होतं. नवऱ्याने खिडकीतून डोकावून "युअर मॅन आलाय, शेजारचा" एवढं सांगितलं आणि वर पळाला. इथे एखाद्याचं नाव घ्यायचं नसलं की त्याला युअर मॅन म्हणतात. आमच्या नवऱ्याने आयर्लंडकडून मनापासून घेतलेली ही एकमेव गोष्ट.

म्हातारा उंच, जरासा वाकलेला, अंगात पावसाचा कोट. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता आणि तो त्याने छातीशी असा धरला होता की आत स्त्रीधन असावं.

"तुम्ही कॉम्प्युटरचं काम करता ना?" त्यांनी विचारलं.

"कोणी सांगितलं?" मी म्हटलं. मी पुण्याची. आमच्याकडे प्रश्नाला आधी प्रश्नच परत मिळतो. त्यांना ते आवडलं असावं, कारण ओठ थोडेसे हलले.

डब्यात कॅसेटी होत्या. त्यांवर गाणी होती, यिडिश भाषेतली. पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांची ही घरात बोलायची भाषा. बोलणारे बहुतेक दुसऱ्या महायुद्धात मारले गेले, आणि जे आधीच इकडेतिकडे निघून आले होते त्यांच्या मुलाबाळांनी इंग्रजी धरली. प्रोफेसरांचे आजोबा असेच लिथुआनियाहून डब्लिनला आलेले. प्रोफेसर कॉलेजात जर्मन शिकवायचे, पण ते पोटासाठी. खरं काम हे. सुट्टी लागली की टेपरेकॉर्डर घेऊन डब्लिन, बेलफास्ट, लंडन असं फिरायचं, म्हाताऱ्या बायका शोधायच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसून गाणी उतरवून घ्यायची. आता त्या बायका नाहीत, आणि कॅसेटीही जायला लागल्या होत्या. फीत चिकटायची, किंचाळायची. एकेक कॅसेट कदाचित अजून एकदाच वाजेल, आणि त्या एकदात ती कॉम्प्युटरवर उतरली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

"विद्यापीठात का देत नाही?" मी विचारलं.

"एकदा दिली होती. दुसऱ्याच्या नावाने छापून आली."

"मग मीच का? तुम्ही मला ओळखत नाही."

"कारण तुम्हाला यातला एक शब्द कळत नाही," ते म्हणाले. "जे कळत नाही ते चोरता येत नाही."

दुसरं कोणी असतं तर दार लावून घेतलं असतं. मला मात्र बरं वाटलं. इथली माणसं सगळ्यालाच ग्रँड म्हणतात, पोटात काय आहे ते कळायची सोय नाही. हा माणूस तोंडावर चोर म्हणून मोकळा झाला होता. मी म्हटलं, या आत.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते येऊ लागले. माझा धंदा सॉफ्टवेअर तपासण्याचा, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामावर अविश्वास दाखवायचा मला पगार मिळतो. त्यामुळे त्यांच्यावर नजर ठेवायला वेगळे कष्ट पडले नाहीत. आणि नजर ठेवण्यासारखं खूप होतं. कॅसेट ते माझ्या हातात द्यायचे नाहीत, स्वतः टेपमध्ये घालायचे. पूर्ण वाजेपर्यंत समोरून हलायचे नाहीत. मी चहाला उठले तर डब्यावर हात. चहाचं तर वेगळंच. पहिल्याच दिवशी त्यांनी कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला काचेचा ग्लास काढला आणि म्हणाले, यात द्या, बिनदुधाचा. बशीतल्या चकलीला हातसुद्धा लावला नाही.

मला झोंबलं ते. आमच्या कपांना काय झालंय? इतकी वर्षं इथे राहून कोणी बसमध्ये शेजारी बसलं नाही तरी मी मनावर घेत नाही, पण माझ्या घरात येऊन माझा कप नको म्हणजे काय?

शिवाय त्या डब्याच्या तळाशी एक कॅसेट होती. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, नुसता रबर बँड लावलेला. बाकीच्या एकेक करून वर आल्या, वाजल्या, खाली गेल्या. ती तिथेच. एकदा मी बोट दाखवलं तर त्यांनी झाकण लावलं. "ती नाही."

"ती पण खराब होत असेल की."

"होऊ दे," म्हणाले. पण डब्याकडे असे बघत होते की होऊ दे म्हणणारा माणूस तसा बघत नाही.

सप्टेंबरमध्ये आई पुण्याहून आली. आई मूळची नगरकडची, तिला कुठल्याही माणसाचं दोन दिवसांत कळतं असा तिचा समज आहे. रविवारी ती मेथीची जुडी घेऊन आमच्याजवळच निवडत बसायची आणि गाणी ऐकायची. भाषा कळत नव्हती, पण म्हणायची, "हे अंगाईचं दिसतंय. ही बाई सासूला शिव्या देतीय बघ." प्रोफेसरांना सांगितलं तर ते चकित व्हायचे. बऱ्याचदा तिचं बरोबर निघायचं.

त्यांच्या ग्लासाचं मी आईला तणतणत सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "खाण्यापिण्याचं पाळत असतील. तुझी पणजी नाही का, परगावी जाताना तांब्या घेऊन जायची?"

"पाळायचं तर घरी पाळावं. वेगळा कप म्हणजे काय असतं ते आपल्याला माहीत नाही का?"

"चांगलं माहीत आहे," आई म्हणाली. "आपल्या घरात वेगळा कप दुसऱ्यासाठी ठेवलेला असायचा, मागच्या दारी, कोनाड्यात. मी स्वतः पाहिलाय. हे स्वतःचा घेऊन येतात. त्यात फरक आहे."

पुढच्या रविवारी आईने चकलीऐवजी अख्खी केळी आणि सफरचंदं ठेवली. फळाला काही लागत नाही, हे तिला तिच्या सासूने शिकवलेलं. प्रोफेसरांनी खिशातला चाकू काढून सफरचंद कापलं आणि सगळं खाल्लं. "देवावर माझा फारसा विश्वास नाही," ते मला म्हणाले, "पण आईच्या स्वयंपाकघरात जे चालायचं नाही, ते अजून मला चालत नाही."

म्हणजे ग्लासाचा गुंता सुटला. पण मला दुसराच किडा चावला होता. इतक्या कॅसेटी उतरवल्या, इतक्या बायका गायल्या, खोकल्या, हसल्या, मध्येच किटलीची शिट्टी झाली, मांजर ओरडलं. पण गाणी गोळा करणाऱ्याचा आवाज कुठेच नव्हता. एक शब्द नाही. हो नाही, वा नाही, पुढे म्हणा नाही. एका कॅसेटमध्ये तर गाता गाता एक म्हातारी थांबते आणि इंग्रजीत विचारते, "आहेस ना रे अजून?" आणि उत्तर येत नाही. मग ती स्वतःशीच हसते आणि पुढे गायला लागते. मी ते परत परत ऐकलं, कामावर करते तसं. समोर माणूस बसलाय आणि त्याच्या तोंडून चकार शब्द नाही, हे कसं?

एक उत्तर मला सुचलं आणि ते डोक्यातून जाईना. ही गाणी यांनी गोळा केलेलीच नाहीत. दुसऱ्या कोणाचा तरी हा डबा आहे. म्हणून विद्यापीठ नको. म्हणून भाषा न कळणारी बाई हवी. म्हणून तळाची कॅसेट वाजवायची नाही, कारण तिच्यात खऱ्या माणसाचा आवाज असणार. सगळं कसं चपखल बसत होतं. मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू त्यांना विचार, नाहीतर मला झोपू दे." आईला सांगितलं तर ती हसायला लागली.

"भोंडल्याची खिरापत ओळखायला बसलीयस तू," ती म्हणाली. "डबा हलवून बघतीयस. वाजलं की म्हणतीयस लाडू."

पण मला दुसऱ्याच्या चोरीत हात काळे करायचे नव्हते. मी विचारलंच. "ही गाणी कोणी रेकॉर्ड केली?"

"मी."

"तुमचा आवाज कुठेच नाही."

त्यांचा चेहरा पडला असं म्हणता येणार नाही, बंद झाला. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, कोट चढवला आणि गेले. ग्लास टेबलावरच राहिला, अर्धा चहा तसाच. मला वाटलं, पकडलं. खरं सांगते, आनंद झाला होता. चूक सापडली की ऑफिसात होतो तसला.

ग्लास आठवडाभर ओट्यावर होता. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मी तो प्रेसमध्ये ठेवायला गेले तर आईने हातातून काढून घेतला. आपल्या भांड्यांत मिसळायचा नाही म्हणाली. मग तिने तो पाण्याखाली धुतला, त्यात हिरवी द्राक्षं भरली, कारण कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, आणि स्वेटर चढवून एकटीच शेजारी गेली. आईचं इंग्रजी बेताचं. तिकडे काय बोलली देव जाणे, परत येऊन म्हणाली, "भोंडल्याला बोलावलंय त्यांना. येतो म्हणाले."

आमचा भोंडला चर्चच्या हॉलमध्ये असतो. बाहेर पाऊस, आत हीटरचा वास, मधोमध पाटावर हत्ती. यंदा सगळं माझ्याकडे होतं, त्यामुळे शिस्तीत होतं. एकाच गाण्याचे एकेकीचे वेगळे शब्द, त्यावरून दरवर्षी गोंधळ होतो, म्हणून मी पुस्तकावरून गाणी टाइप करून प्रत्येकीच्या हातात कागद दिले होते. प्रोफेसर आले. पण आत आले नाहीत, कोट अंगात ठेवून दाराशीच उभे राहिले, निघायच्या तयारीत असल्यासारखे.

बायकांनी आईला पुढे केलं. आई रंगात आली. माहेरी जायचं एक गाणं आहे, त्यात गाडी येते. आईने बैलगाडी काढून तिथे ल्यूकनची डबल डेकर घातली आणि दाराशी मुऱ्हाळी येतो तिथे डब्लिनचं विमान आणलं. बायका हसायला लागल्या. अर्ध्याजणी कागदावर शोधायला लागल्या, फेर तुटला, पोरी एकमेकींवर आदळल्या.

"आई, थांब," मी म्हटलं. "असं नाहीये ते. कागदावर बघ ना."

आई थांबली. "बरं बाई, मग तूच म्हण," ती म्हणाली, चिडून नाही, नेहमीसारखंच, आणि फेरातून बाजूला होऊन खुर्चीवर जाऊन बसली.

"त्यांना म्हणू द्या," दाराकडून आवाज आला. मोठा, फाटका. सगळा हॉल वळून बघायला लागला. म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही त्यांना म्हणू का देत नाही?" आणि दार आपटून पावसात गेला.

इतक्या बायकांसमोर मला कोणी असं बोललेलं नव्हतं. स्वतः दुसऱ्याची गाणी ढापायची आणि मला अक्कल शिकवायची. मी घरी येईपर्यंत धुमसत होते. आणि अजूनही म्हणते, सगळ्यांच्या हातात कागद होते, तर कागदावरचं म्हणायला काय हरकत होती? आई त्या दिवशी मात्र पुन्हा फेरात आली नाही. मी हात धरून ओढलं तर म्हणाली, पाय दुखतात.

रविवारी ते आले. मी दार उघडलं पण बाजूला झाले नाही. त्यांच्या हातात डबा नव्हता, नुसती ती रबर बँडची कॅसेट होती.

"ही उतरवायची आहे," ते म्हणाले. "आणि मग त्यातलं थोडं पुसायचं आहे. कायमचं. तुम्हाला येतं ना ते?"

आता आली ना लबाडी बाहेर, असं माझ्या मनात आलं. खऱ्या माणसाचा आवाज पुसायचा असणार. मी आत घेतलं ते केवळ त्यासाठी. आई मेथी घेऊन बसलीच होती.

फीत चिकटलेली होती. त्यांनी पेन्सिल घालून ती हळूहळू सोडवली. मी रेकॉर्डिंग चालू केलं आणि त्यांनी बटण दाबलं.

खरखर झाली, मग बशी वाजली, मग एक बाई गायला लागली. आवाज काही गोड नव्हता, हातात काम असलेल्या बाईचा होता, घरात कोणी ऐकत नसताना गातात तसला. तिच्या गाण्यात मला चक्क दोन इंग्रजी शब्द कळले, बकेट आणि कॅनाल. दोन ओळी झाल्या असतील नसतील, तेवढ्यात एक तरुण पुरुष मध्येच बोलला. त्यातला "नाही, मामे" एवढाच भाग मला कळला, कारण मामे म्हणजे आई हे इतक्या रविवारांत कळलं होतं. तो बराच वेळ बोलला, भराभर, शहाण्या पोरासारखा. आवाज तरुण होता, पण शब्दाच्या शेवटी श्वास सोडायची लकब माझ्यासमोर बसलेल्या माणसाचीच होती. मग बाई हळू आवाजात काहीतरी म्हणाली. खुर्ची सरकली. नळ सुरू झाला. बराच वेळ नुसतं पाणी वाहत होतं, आणि टेप बंद.

"माझी पहिली कॅसेट," प्रोफेसर म्हणाले. "नवीन मशीन होतं. मी नुकताच पुस्तकं वाचून आलो होतो. गाणं धुणं धुणाऱ्या मुलीचं आहे. पुस्तकात ती नदीवर जाते. माझ्या आईने तिला डब्लिनच्या कालव्यावर नेलं, कारण नदीवर धुणं धुताना आईने कोणाला पाहिलंच नव्हतं. मी सांगितलं, मामे, हे चूक आहे, खरं असं आहे."

"आणि त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, मग तूच म्हण."

आईचं मेथी निवडणं थांबलं. भाषांतर तिच्यासाठी मी केलं नव्हतं. तेवढं इंग्रजी तिला येत होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि मीही तिच्याकडे बघायचं टाळलं.

"नंतर तिने माझ्यासमोर कधी गायलं नाही," ते म्हणाले. "विनवण्या केल्या. म्हणायची, मला चुकीचं येतं. त्यानंतर मी कोणाहीकडे गेलो तरी मशीन चालू झालं की तोंड उघडलं नाही. मान हलवायचो. एका बाईला शेवटी दिसत नव्हतं, तिने विचारलं आहेस ना, तरी बोललो नाही. तिचा हात धरला."

इतके आठवडे त्यांचं गप्प राहणं मी चोरीचा पुरावा म्हणून सांभाळलं होतं, आणि त्याचा अर्थ हा निघाला. मी कामाला लागले. कॅसेट मागे घेऊन पुन्हा एकदा तपासू म्हटलं तर टेपमध्ये कट् असा आवाज झाला आणि फीत तुटली. ती जुळवायच्या लायकीची राहिली नव्हती. जे काही उरलं होतं ते माझ्या लॅपटॉपवर.

"पुसा," ते म्हणाले. "तिचं ठेवा. मला काढा."

ते सोपं होतं. त्यांचं बोलणं संपूर्ण कापलं, त्यावर त्यांच्या आईने दिलेलं उत्तर कापलं, टोकं जुळवली आणि वाजवून दाखवलं. बाई गायला लागते, दोन ओळी, मग थांबते. मग नळ. सुबक झालं होतं. प्रोफेसरांनी डोळे मिटून घेतले होते, आणि मला वाटलं, चला, म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं एकदाचं उतरलं.

"विसरल्या वाटतं बिचाऱ्या," आई म्हणाली. ती गॅसवरच्या कुकरकडे उठली होती, तिने अर्धवटच ऐकलं होतं.

"काय म्हणाल्या त्या?" प्रोफेसरांनी विचारलं.

मी सांगायला नको होतं, पण त्यांच्यासारख्या माणसापुढे थाप पचत नाही. "ती म्हणतेय, गाणं विसरलेलं दिसतंय."

कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी आपला ग्लास पुढे सरकवला, चहा हवा म्हणून, आणि म्हणाले, "परत घाला मला. सगळं, जसं होतं तसं. तिला पुढचं सगळं येत होतं."

मी परत घातलं. चहा दिला. आईने द्राक्षं दिली. त्या रविवारपासून ग्लास ते आमच्याकडेच ठेवून जाऊ लागले.

गेल्या हिवाळ्यात प्रोफेसर गेले. गाण्यांच्या सगळ्या फाइली एका संग्रहालयाला द्यायच्या असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि कळवायला माझा नंबर दिला होता. शेवटी कोणावर तरी विश्वास टाकावाच लागतो, त्यांनी तो असा नाइलाजाने टाकला. महिन्यापूर्वी तिथल्या एका मुलीचा फोन आला. मी आधी तिला तू कोण, कोणाच्या परवानगीने ऐकतेस, हे सगळं विचारून घेतलं. गोड मुलगी होती, उत्तरं दिली. मग म्हणाली, संग्रह अप्रतिम आहे, फक्त पहिल्या गाण्यात एक माणूस बाईंना मध्येच तोडतो. ऐकायला त्रास होतो. तेवढा काढून टाकला तर सगळं ग्रँड होईल.

मी ओट्याशी उभी होते. प्रेसच्या वरच्या कप्प्यात, आमच्या भांड्यांपासून वेगळा, त्यांचा ग्लास रुमालात गुंडाळून आईने ठेवलेला होता.

"त्याला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "नाहीतर लोकांना वाटेल, त्या विसरल्या."